चाक थांबलं तेव्हा

९ जानेवारी

तीर्थरूप आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मंगळवारी संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी एक शिवणयंत्र थांबलं आणि माझं सगळं मुसळ केरात गेलं. तारीख-वेळ एवढ्यासाठी सांगतोय, की पुढे मला वेड लागलं तर ते कधीपासून, याची नोंद कुठेतरी असावी.

औषधांच्या दुकानातली ती तुला ठाऊक आहेच. तिला बघायला मिळावं म्हणून डोकेदुखीच्या एवढ्या गोळ्या घेतल्यात, की छापखान्यातल्या सगळ्यांची डोकी वर्षभर सुखात राहतील. अखेर तिनेच घरी बोलावलं. आईला भेट म्हणाली. तिच्या आई कपडे शिवतात. लहानपणी ताप आला त्यात त्यांचे कान गेले. समोरच्याचे ओठ बघून त्यांना बोलणं कळतं, आणि स्वतः त्या हातांनी बोलतात.

ती आत चहा टाकत होती. मी खुर्चीत बसलो होतो आणि तोंडाचा पट्टा नेहमीसारखा सुटला होता. तिच्या आई यंत्रावर एक बाही शिवत होत्या, मधूनमधून माझ्याकडे बघून हसत होत्या. सगळं झकास चाललं होतं. मग त्यांनी पायडलवरून पाय काढला, हात मांडीवर ठेवले आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

आत्या, त्या घरात रेडिओ नाही. टिकटिकणारं घड्याळ नाही. कशाला असेल? यंत्र थांबलं आणि आवाज म्हणून काही उरला नाही. माझे तळहात बर्फ झाले. त्यानंतरचं आठवतं ते एवढंच, की मी तीन गल्ल्या पलीकडे उभा होतो, अनवाणी.

दुसऱ्या दिवशी तिने माझ्या चपला औषधांच्या पिशवीत घालून छापखान्यात आणून दिल्या. एकच विचारलं, की आईच्या बहिरेपणाची किळस आली का. मी नाही म्हणालो. मग काय झालं, असं तिने विचारलं, आणि मला, ज्याला तू तोफखाना म्हणतेस त्याला, एक शब्द सुचला नाही. तिने महिनाअखेरपर्यंत मुदत दिली आहे. त्यानंतर घरात माझं नाव काढणार नाही म्हणाली. ती बोलते तसं करते.

आता जे कुणालाच सांगितलं नाही ते. मला लहानपणापासून एक स्वप्न पडतं. हातात लोखंडाचा गार दांडा असतो. तो एका मोठ्या चाकाचा. चाक फिरतं, धप्प-हुश्श, धप्प-हुश्श, आणि मी खुशीत असतो. मग चाक थांबतं. पायाशी एक दोर पडलेला असतो. तो आपोआप चार हिसके खातो, आणि मी दचकून उठतो. काल जेवणाच्या सुट्टीत कागदांच्या गठ्ठ्यावर डोळा लागला तर पुन्हा तेच. छापखान्यातली वीज गेली होती.

हे काय आहे? फोन करू नकोस. आपल्या घरात फोनवर दोघंही एकदम बोलतात आणि ऐकत कुणीच नाही.

तुझ्या मायेवर जगणारा,
तोफखाना

—

१३ जानेवारी

चि. तोफखान्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वॉर्डातच वाचलं. चपलांपर्यंत इतकी हसले, की सहा नंबरच्या पेशंटने सिस्टर, आम्हालाही सांगा म्हणून हट्ट धरला. मग स्वप्नाशी आले आणि चष्मा काढून ठेवला.

तुझे आजोबा पुलाच्या कामावर होते एवढंच तुला माहीत आहे. ते पाणबुडे होते. पुलाचे खांब नदीच्या तळात उभे करायचे, तर कुणीतरी खाली जावं लागे. डोक्यावर तांब्याचा टोप, त्याला नळी, आणि नळीतून वरून हवा सोडायची. वर तराफ्यावर एक मोठं चाक असे. दोन माणसं ते आळीपाळीने फिरवत, तेव्हा खालच्याला श्वास मिळे. आवाज कसा होता ते माझ्या आईने, म्हणजे तुझ्या आजीने, मला तोंडाने काढून दाखवला होता. धप्प-हुश्श.

खालच्या माणसाच्या कमरेला दोर असे. एक हिसका म्हणजे बरा आहे. चार हिसके म्हणजे मला वर ओढा.

हे चार तुला कुणी सांगितले? आजी गेली तेव्हा तू जन्मलाही नव्हतास. आजोबांनी खरंच चार हिसके दिले, त्या दिवसाबद्दल ते कधी बोलले नाहीत. मी तर आजवर चकार शब्द काढलेला नाही. अंगावर काटा आला. पण भीतीचा नव्हता रे तो. मोठ्या समुद्रापुढे उभं राहिल्यावर येतो तसा.

मलाही ते स्वप्न पडतं. माझ्या स्वप्नात फक्त दोर असतो. चाक नसतं.

बाकीचं सांगेन. पण आधी तुझ्या बापाला लिही आणि त्याला काय दिसतं ते विचार. तुझं स्वप्न सांगू नकोस, माझंही नाही. पेपर फोडलास तर माझ्याशी गाठ आहे. कॉलेजच्या परीक्षेला पाठ दाखवलीस, ही तरी नीट दे.

आणि खोलीत पाय आपटत फिरू नकोस, खाली माणसं राहतात.

तुझी काळजी हाच जिचा जोडधंदा,
आत्या

—

१८ जानेवारी

चि. मुलास,
आशीर्वाद.

पोस्टकार्ड मिळालं. सात महिन्यांतलं पहिलं. त्यात बापाच्या तब्येतीची चौकशी नाही, कॉलेज अर्ध्यावर का सोडलं याचा खुलासा नाही. "तुम्हाला एखादं स्वप्न पुन्हा पुन्हा पडतं का," एवढंच. पोस्टमनने वाचलं असणार. तो माझ्याकडे दया आल्यासारखा बघत होता.

पडतं. विचारलं आहेस म्हणून सांगतो. तुझ्या आईलाही कधी सांगितलं नाही, आणि आता ती ऐकायला नाही.

मी कुठेतरी आत असतो. अंधार असतो, पण कोमट. चांगला अंधार. बाहेरून एक आवाज येत असतो, सावकाश, न चुकता. तो आहे तोवर सगळं ठीक आहे हे मला माहीत असतं. मग मी लाथ मारतो. का मारतो ते कळत नाही, नुसती मारावीशी वाटते. आणि आवाज थांबतो. दरवेळी. मी लाथ मारली म्हणून थांबतो.

साठी जवळ आली तरी घामाने भिजून उठतो. थांबलेली वस्तू मला बघवत नाही. दुसऱ्याच्या घरीसुद्धा बंद पंखा दिसला की हात खिशातल्या स्क्रू ड्रायव्हरकडे जातो. लोक म्हणतात, धंद्याची खोड. असेल.

तू कॉलेज थांबवलंस तेव्हा मी जे तोंडाला येईल ते बोललो. त्यातलं निम्मं तुला नव्हतं.

दुकान चालू आहे. गुडघा दुखतो.

बाबा

—

२१ जानेवारी

तीर्थरूप आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

बाबांचं पत्र सोबत जोडलं आहे. वाच आणि परत पाठव. ते माझं आहे.

मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा नेहमीप्रमाणे भडकलो, की सात महिने हा माणूस गप्प होता आणि आता पोस्टमनची तक्रार करतो! दुसऱ्यांदा वाचताना कळलं, तिसऱ्यांदा खात्री झाली. आत्या, ते बाहेर नाहीतच. मी चाकाशी आहे, तू दोराशी आहेस, आणि ते आत आहेत. कशाच्या आत, ते लिहायला माझा हात धजत नाही. तूच लिही.

खोलीतला पंखा ऐन थंडीत चालू असतो म्हणून शेजारचे मास्तर मला हसतात. आज मी तो बंद केला. चाळीसपर्यंत मोजलं आणि पुन्हा लावला. तिच्या दारात गेलो तर चाळीसने भागणार नाही.

महिना संपायला दहा दिवस आहेत. उलट टपाली लिही. आज पहिल्यांदाच तुझी आज्ञा तंतोतंत पाळली आहे, तेव्हा बक्षीस म्हणून सगळं खरं सांग.

तुझा,
तो. (दारूगोळा संपलेला)

—

२५ जानेवारी

चि. तोफखान्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

भावाचं पत्र परत पाठवते आहे. कोपऱ्यावर डाग पडलाय तो चहाचा नाही.

तर ऐक. आई दुपारी आजोबांची शिदोरी घेऊन तराफ्यावर जायची. चाकावरची माणसं जेवायला बसली की घटकाभर चाक तीच फिरवायची. नियमात बसत नव्हतं, पण तिचा हात त्या दोघांपेक्षा एकसारखा चालतो असं खुद्द आजोबा म्हणायचे. तिला पाचवा महिना होता. म्हणजे पोटात तुझा बाप.

ती चाक फिरवत होती. ऊन छान होतं, असं तिने मला मुद्दाम सांगितलं. आणि बाळाने पहिली लाथ मारली. पहिलीच. तिने दांडा सोडला आणि दोन्ही हात पोटावर ठेवले. एवढंच केलं तिने. नदी, पूल, खाली असलेला नवरा, सगळं विसरली. ती म्हणायची की इतका आनंद तिला जन्मात पुन्हा झाला नाही. किती वेळ गेला तिला सांगता येत नसे. मग पायाशी दोराने चार हिसके खाल्ले.

टोपात उरलेल्या हवेवर आजोबा तग धरून होते. त्यांना वर ओढलं. निळे पडले होते, पण जगले. चांगले म्हातारे होऊन गेले. आईने सांगितलं की चाक अडकलं. वंगण घातलं नाही म्हणून चाकावरच्या एका माणसाला कामावरून काढलं, आणि ती तेव्हाही काही बोलली नाही. त्या दिवसापासून तिला घर मुकं झालेलं चालेना. रेडिओ, घड्याळ, भांडी, बडबड, काहीतरी सुरूच हवं. ते आपण सगळ्यांनी उचललं. मला दवाखान्याचा वॉर्ड मिळाला, त्याला पंखे, तुला छापखाना.

मी तिची मुलगी, शिवाय नर्स. जाताना तिने एवढं माझ्याकडे सोपवलं. भावाला सांगू नकोस म्हणाली, त्याला वाटेल की त्याच्यामुळे झालं. आणि बघ, त्याला आधीच वाटत होतं. न सांगता. वयाच्या उणे चार महिन्यांपासून.

हे कसं होतं ते मला विचारू नकोस. तीस वर्षांत माणसं येताना पाहिली, जाताना पाहिली, पण रक्तातून काय काय उतरतं ते मोजायचं यंत्र कुठल्या वॉर्डात बघितलं नाही. अर्थ मात्र मला लागतो तो असा. आपण तिघंही चाक थांबतं तिथेच जागे होतो. ते का थांबलं इथवर कुणी पोचतच नाही. तिथे ऊन आहे, आणि एक बाई पोटावर हात ठेवून हसते आहे.

तिला दिलेला शब्द आज मोडला. तुझ्या बापाला तू सांग. माझ्याच्याने होणार नाही.

ऐकवायचं नसताना जिने ऐकवलं ती,
आत्या

—

३० जानेवारी

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आत्याचं पत्र सोबत आहे. आधी ते वाचा. मग दुकानाचं शटर ओढून घ्या, बसा आणि हे वाचा.

वाचलंत? तुम्ही काहीही बिघडवलं नव्हतं. आजीला झालेला सगळ्यात मोठा आनंद होतात तुम्ही. भांडायला शब्द मला भरपूर सापडतात, हे लिहायला मात्र दोन कागद फाडले.

आता माझं. औषधांच्या दुकानातल्या एका मुलीला बघायला मी उगीच डोकेदुखीच्या गोळ्या घेतो; तिच्या आई बहिऱ्या आहेत, आणि मागे त्यांनी शिवणयंत्र थांबवलं तेव्हा मी त्या घरातून पळालो होतो. काल मी तिच्या घरी गेलो. दार तिने उघडलं आणि बाजूला झाली. तिच्या आई यंत्रावर होत्या. मी त्यांच्यासमोर बसलो, तोंड उजेडात येईल असा, आणि जन्मात पहिल्यांदा सावकाश बोललो. पूल, टोप, चाक, आजी, सगळं सांगितलं. आजीचं चाक थांबलं इथवर आलो आणि त्यांनी पायडलवरून पाय काढला.

तेव्हा कुठे मला कळलं. त्या बोलणं डोळ्यांनी ऐकतात. शिवता शिवता ऐकता येत नाही. त्या दिवशी त्यांनी यंत्र थांबवलं ते माझं नीट ऐकावं म्हणून, आणि मी नेमका तेव्हाच पळालो!

घर शांत झालं. तळहात गार पडले. मी खुर्ची धरून ठेवली. त्यांना दिसलं असावं. त्यांनी माझा हात उचलला आणि यंत्राच्या फळीवर पालथा ठेवला. यंत्र बंद होतं, पण फळी गप्प नव्हती. अगदी बारीक थरथरत होती. त्यांनी रस्त्याकडे बोट केलं, आणि जरा वेळाने खरंच एक ट्रक गेला. मग वर बोट केलं. वरच्या मजल्यावर कुणीतरी चालत होतं, ते त्यांनी दाखवेपर्यंत मला कळलंही नव्हतं. मग माझ्या मनगटावर बोट ठेवलं, आणि हसल्या. बाबा, त्यांची खोली कधी थांबलेलीच नव्हती. मी आ वासून बसलो होतो, देवळात बसावं तसा. किती वेळ बसलो ते मोजलं नाही.

मग मी पुढचं सांगितलं, उन्हाचं आणि लाथेचं. त्यांचे डोळे भरले. त्यांनी हातांनी काहीतरी विचारलं आणि तिने ते मला सांगितलं. ते बाळ आता काय करतं, असं त्या विचारत होत्या. मी म्हणालो, पंखे दुरुस्त करतं, आणि गुडघा दुखतो म्हणून कुरकुरतं. माय-लेकी इतक्या हसल्या, की मीही हसलो.

ती रागावलेली नाही असं नाही. पण सदऱ्याचं माप द्यायला रविवारी यायला सांगितलंय, आणि गोळ्या घेणं बंद करायला. कॉलेजचं तुमच्याशी समोरासमोर बोलेन. मी येतोय. त्या दिवशी दुकानातले सगळे पंखे पाच मिनिटं बंद ठेवा. आपण दोघं बसून बघू.

तुमच्या रागालाही लायक व्हायचं आहे असा,
तुमचा मुलगा

ता. क. एक सांगायचं राहिलं. निघताना मी दार हलकेच लावणार होतो, तर तिने थांबवलं. त्या घरात दार हलकेच लावणं म्हणजे पाहुण्याचा उद्धटपणा. आईला कळत नाही तो गेला म्हणून, आणि ती दुसरा चहा टाकते. जोरात लावायचं, म्हणजे जमीन हलते आणि तिला पायाखाली निरोप पोचतो. मी बाहेर आलो, चपला घातल्या, आणि दार असं धाडकन लावलं, की जिन्यातली मांजर पळाली.