पाणथळीतला बोरोनिया

लिथगो,
९ ऑक्टोबर २०११

प्रिय अ‍ॅलिस्टर,

पर्थला आता ऊन तापायला लागलं असेल. इथे अजून सकाळी गाडीच्या काचेवरचं गोठलेलं दव खरवडावं लागतं. माझा गुडघा बरा आहे. मागचं कुंपण शेजारच्या डगने नीट करून दिलं.

तुला एक बातमी द्यायची होती. पठारावरच्या पाणथळीत आपल्या टॅमसिनला मिळालेलं झुडूप खरंच तो दुर्मिळ बोरोनियाच निघाला. परवा सिडनीच्या वनस्पती संग्रहालयातून फोन आला.

जुलैमध्ये तिला नुसती डहाळी मिळाली होती. संध्याकाळी तिने वरूनच फोन केला. "आई, पानं समोरासमोर आहेत, चुरडली की वासही येतोय. पण फुलाशिवाय कोणी मानायचं नाही."

"झाड कुठे पळून जातंय? अंधार पडायच्या आत घरी ये."

"झाड नाही गं, झुडूप," म्हणाली आणि हसली.

रस्त्यावर बर्फाचा पापुद्रा धरला होता, उतरताना तिची गाडी घसरली. ते तुला कळवलंच होतं.

पोलिसांनी गाडीतलं सामान परत दिलं, त्यात वर्तमानपत्रात दाबलेली ती डहाळीही होती. कागदाला साधी सुरकुतीसुद्धा नव्हती. ती घेऊन मी सिडनीला गेले. संग्रहालयातल्या हेलन ओक्सबाईंनी भिंगातून खूप वेळ पाहिलं. "वाटतंय तेच. पण अगदी असाच दिसणारा एक साधा बोरोनियाही त्याच चिखलात येतो. फुलं लागतील."

मग मीच गेले. टॅमसिनचे गमबूट मला मोठे होतात, दोन-दोन मोजे घातले. पायांना जळवा लागल्या. पहिल्या दोन खेपांना कळ्याच होत्या. तिसऱ्या खेपेला फुलं दिसली, फिकट गुलाबी, चार पाकळ्यांची, नखाएवढी. मी चिखलातच बसले, अ‍ॅलिस्टर. उठावंसंच वाटेना. मुळात झुडपं थोडीच आहेत, आणि नव्या रस्त्याच्या आखणीच्या खुंट्या त्यांच्यामधूनच गेल्यात. आता रस्ता वळवावा लागेल, असं ओक्सबाई म्हणाल्या.

फोनवर त्यांनी विचारलं, "गोळा करणाऱ्याचं नाव काय घालू?"

"टॅमसिनचं."

"डहाळी तिची. फुलं तुम्ही आणलीत, तो नमुना तुमच्या नावावर लागेल. दोन्ही एकाच कपाटात, एकावर एक राहतील."

मी रिसीव्हर टेबलावर ठेवला आणि अंगणात जाऊन आले. त्या बिचाऱ्या फोन धरून थांबल्या.

रविवारी घरचा फोन वाजतो. मी उचलते, पलीकडून कोणी बोलत नाही. तू आहेस, मला कळतं. तू तिच्या अंत्यविधीला का आला नाहीस, ते मी विचारणार नाही. पण पुढच्या वेळी लगेच ठेवू नकोस. तुला बोलवत नसेल तर मी बोलेन. ती पहिल्यांदा उभी राहिली ते पाहिलेलं माणूस माझ्याखेरीज आता तू एकटाच आहेस.

फुलं अजून थोडे दिवस राहतील.

तिची आई,
ग्लेनिस