फुंकरबाई

सोमवार, ४ जून
आज पावडरच्या कारखान्यात रुजू झाले. सकाळपासून मन कसं हलकं आहे! माझी धाकटी बहीण इथेच कामाला होती. इथे शंखजिरे नावाचा मऊ दगड दळून अंगाला लावायची पावडर करतात. पीठ पुरेसं बारीक झालं का, ते तळहातावर घेऊन फुंकर मारून बघतात. उडालं तर पास. तोंडाला फडकं बांधून फुंकर कशी मारणार? डॉक्टर म्हणाले, तिच्या छातीत शंखजिरे बसलंय, ते निघत नाही. पोर धापा टाकत गेली. मुकादम तिला फुंकरबाई म्हणून चिडवायचा. त्याला मी सोडणार नाही.

गुरुवार, ७ जून
मुकादम गोडबोल्या आहे. तान्ह्या बाळांना लावतात ती पावडर, तिनं कुणाचं काय वाकडं होतंय, म्हणतो. स्वतःच्या नाकाला मात्र कायम रुमाल. जेवणाच्या सुट्टीत मी पिठात हात घातला आणि मनात म्हटलं, छोटे, ये बाई, हा बघ इथेच बसलाय. मानेवर कुणीतरी हळूच फुंकर घातली. लहानपणी तिला खरचटलं की मी घालायचे, तशी. भीती वाटली नाही. उलट दोन घास जास्तच गेले.

सोमवार, ११ जून
मुकादम खोकतोय. केबिनची दारंखिडक्या बंद, तरी टेबलावर पांढरा थर. पुसला की परत. कुणीतरी तोंडावर फुंकतंय, असं तो शिपायाला सांगत होता. करावे तसे भरावे. मी तोंड फिरवून पोटभर हसले.

शुक्रवार, १५ जून
मुकादम खुर्चीतच गेला. नाकातोंडात पीठ, रुमाल मुठीत. त्या खुर्चीत बसायला कुणी तयार होईना, म्हणून मालकांनी ती मला दिली. छोटे, फिटलं गं. आता नीज.

मंगळवार, १९ जून
फुंकर बंद करा, चाळणी आणा, असं मालकांना सांगितलं. ते म्हणाले, आणू, पण आजची मालाची गाडी अडवू नका. मग मीच नव्या बाईला म्हटलं, “आजचा दिवस फुंकरीवर भागव गं. एका दिवसानं काय होतंय?”
संध्याकाळी ती खोकत होती.

बुधवार
टेबलावर थर. पुसला. परत —
छोटे, मी आहे. ताई.

गुरुवार
एकच दिवस म्हटलं होतं तिला — चाळणी येणार आहे, खरंच —
आता मानेवर नाही. समोरून. नाकाशी.
दार उघडत नाही. छोटीला सांगतेय, हे सगळं तुझ्यासाठीच — ती ऐकते, मान हलवते, आणि पुन्हा गाल फुग