हवेतली रेघ

आबा, दादाचा हात कापतो हे आम्हाला टीव्हीवर दिसलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झालीत की एवढं एक वाक्यही तुम्हाला समजावून सांगावं लागेल.

दादाची मुलगी, तुम्ही गेलात तेव्हा रांगत होती ती, आता पुण्यात व्हिडिओ गेम तपासायची नोकरी करते. दिवाळीला फलटणला येताना तिनं एक यंत्र आणलं. मीही सांगलीहून गेले होते. ते टीव्हीला जोडायचं, छोट्या टॉर्चएवढा कंट्रोलर हातात धरायचा आणि हवेत हात फिरवायचा. हात जाईल तसा पडद्यावर ब्रश फिरतो, मागे रंगाचा जाड पट्टा उमटत जातो. मातीसारखे आकारही घडवता येतात आणि त्यांच्याभोवती फिरून ते मागून बघता येतात. वहिनीनं पदर खोचून हत्ती केला. त्याला पाचवा पाय फुटला तशी ती हसून हसून खाली बसली. दादा मात्र दाराला टेकून उभा होता. "ब्रशला भार न्हाई, रंगाला वास न्हाई. हे कसलं रंगवणं?"

"पप्पा, एकदा धरून तर बघा."

"मला नगं."

पोरगी ऐकेना. शेवटी त्यानं कंट्रोलर घेतला. तो कमळ काढणार हे मला ठाऊक होतं. ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांच्या मागच्या फळीवरचं त्याचं कमळ अजून लांबून ओळखू येतं; तुमच्याच हाताखाली शिकलेलं. पडद्यावर पाकळीची पहिली रेघ आली ती करवतीच्या दात्यांसारखी.

"थांबा, सेन्सर नीट लागला नाही," पोरगी म्हणाली. तिनं कंट्रोलर टीपॉयवर ठेवला. पडद्यावरचा ब्रश जागच्या जागी थांबला. वहिनीच्या हातात दिला, तर रेघ सरळ आली. परत दादाच्या हातात दिला आणि ब्रश थरथरायला लागला. टीव्ही मोठा आहे आबा, हाताची बारीकशी थरथर त्यावर वीतभर दिसत होती. वहिनीचं हसू ओठांवरच राहिलं.

पोरीला वाटलं, आपण सावरून घ्यावं. तिनं बटण दाबलं. "यात रेघ आपोआप सरळ करायची सोय आहे." दादानं पुन्हा हात फिरवला आणि कमळ उमटलं, गुळगुळीत, सुरेख.

"बघा, झालं की!" वहिनी म्हणाली, जरा जास्तच मोठ्यानं.

दादा त्या कमळाकडे बघत राहिला. "ही रेघ माझी न्हाई," असं म्हणून त्यानं कंट्रोलर हळूच खाली ठेवला आणि परसातल्या रंगकामाच्या शेडकडे निघून गेला.

मी मागोमाग गेले. भिंतीला एक फळी टेकवलेली होती, अर्धी अक्षरं रंगवून झालेली आणि प्रत्येक अक्षराच्या कडेला टेप. बघताक्षणी मला तो दिवस आठवला. दादा अजून नवशिका आहे, ट्रॉलीचा मालक दारात घाई करतोय, आणि अक्षर सरळ यावं म्हणून दादानं टेप लावलीय. तुम्ही ती ओढून काढता. ओला रंग तिच्याबरोबर निघून येतो. "टेपनं खोकं बांधायचं असतंय. अक्षर हातानं लिवायचं," एवढंच म्हणता आणि फळी पुन्हा घासायला लावता.

"कधीपासनं, दादा?"

"गेल्या गळीत हंगामापासनं."

"वहिनीला माहीत होतं?"

"न्हाई. आता झालं की ठावं." तो माझ्याकडं बघत नव्हता. "आबांचं बी असंच सुरू झालं हुतं. तवा आपण काय केलं? त्यांच्या कपात अर्धाच चा वताय लागलो. बोललं का कोण?"

खरंच आहे आबा. अर्धा कप चहा, आणि आई ताटात भाकरी आधीच कुस्करून ठेवायची. तुम्ही उजवा हात मांडीखाली दाबून बसायचा आणि आम्ही सगळे दुसरीकडे बघायचो. तुम्हाला काय होतंय हे डॉक्टरला विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही, आणि आलं असतं तरी तुम्ही विचारू दिलं नसतं.

"आपण मिरजेला जाऊ," मी म्हणाले.

"आन् डॉक्टर म्हणला ब्रश सोडा, तर?"

घरातून पोरीच्या रडण्याचा आवाज येत होता. "तिला सांग, तिचं काय चुकलं न्हाई," दादा म्हणाला. मी म्हटलं, "तूच सांग." तो हात पुसत आत गेला.

मिरजेच्या डॉक्टरांनी त्याला कागद-पेन दिलं आणि गोल गोल वेटोळं काढायला सांगितलं. त्याच्या कपाळावर घाम आला होता. या वेळी मी नजर वळवली नाही. डॉक्टर म्हणाले, हा कंप घराण्यात चालतो. जिवाला धोका नाही, पण पुरता जायचाही नाही. "वडिलांना होता का?"

"व्हय," दादा म्हणाला. तुमच्याबद्दल हे आमच्यातल्या कुणीतरी पहिल्यांदाच मोठ्यानं बोललं. मग त्यानं ब्रशचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, जमतंय तोवर धरा.

गोळ्यांनी थरथर कमी झाली आहे. टेप तो अजून लावतो, पण लपवत नाही. यंत्र पोरीनं फलटणलाच ठेवलंय. रेघ सरळ करायची ती सोय बंद करून दादानं त्यावर उसानं भरलेली अख्खी ट्रॉली केली. पोरीनं ती इंटरनेटवर इतरांना बघायला खुली केली, तर कुठल्या कुठल्या अनोळखी लोकांनी लिहिलं, की या थरथरत्या रेघांमुळं ट्रॉली खरंच चालल्यासारखी वाटते. दादा गुरगुरला, "रेघ वाकडी हाय ती. त्यांना काय कळतंय?" पण दुसऱ्या दिवशी त्यानं हळूच विचारलं, आणखी कुणी काय लिवलंय का.

परवा पोरगी यंत्र घेऊन सांगलीला माझ्याकडं आली. घरातल्या सगळ्यांचं खेळून झालं आणि तिनं कंट्रोलर माझ्यापुढं धरला. "आत्या, आता तू." सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हणाले, कणीक मळत होते, हात खराब आहेत.

हे तुम्हाला पोचणार नाही म्हणूनच लिहिते आहे. हात स्वच्छ होते, आबा.