मीटरमधली तार

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, कागद गिरणीच्या देखभाल खात्यातला निवृत्त इलेक्ट्रिशियन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे, फुप्फुसे नाहीत. डॉक्टर आधी महिन्यांत बोलत होते, आता आठवड्यांत बोलतात. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला घरात कोणी उरलेलेच नाही. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात खोटे काही नव्हते, पण जे लिहायला हवे होते तेही नव्हते.

माझी पत्नी वारली, मूलबाळ नाही. धाकटा भाऊ त्याच गिरणीत माझ्या हाताखाली होता. तो तेवीस वर्षांपूर्वी गेला. त्याची मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. आज ती एका शीतगृहात इलेक्ट्रिशियन आहे. या कागदात 'पुतणी' म्हटले आहे ती हीच.

कलम १. राहते घर व बँकेतली शिल्लक पुतणीला द्यावी. मागच्या खोलीतल्या स्विचबोर्डला हात लावण्याआधी तिने मेन बंद करावा. तिथली परतीची तार (न्यूट्रल) मी आळसाने दुसऱ्याच सर्किटमधून घेतली आहे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

कलम २. माझा भाचा दर भेटीत "मामा, तब्येत काय म्हणते?" असे विचारतो आणि उत्तराची वाट न पाहता पावलांनी खोल्या मोजतो. त्याला माझी अॅल्युमिनियमची शिडी द्यावी. त्याला चढायची हौस आहे.

कलम ३. पाने, पकडी, मेगर आणि क्लॅम्प मीटर गिरणीच्या देखभाल खात्याला द्यावेत. तिथल्या जुन्या स्टोअरकीपरला आम्ही 'उद्या' म्हणत असू, कारण काहीही मागा, त्याचे उत्तर ठरलेले. या माणसाला मी तेवीस वर्षे मनातल्या मनात शिव्या दिल्या. त्या मी परत घेतो. त्याने फक्त उशीर केला होता.

कलम ४. गेल्या महिन्यात पुतणी आली होती. "काका, मला व्होल्टेज-करंट मोजायचा स्वतःचा मीटर घ्यायचाय," म्हणाली. "दुकानदारानं पाच मांडले समोर. म्हणतो, ताई, सगळे सारखेच, रंग बघून घ्या. तुम्ही सांगा, कुठला घेऊ?"

मला खोकला आला. आला म्हणजे मी तो लांबवला.

"नाहीतर तुमचाच द्या ना," ती म्हणाली. "कपाटात पडून तर आहे."

कपाटातला मीटर तिला देऊ नये. तो जुना आहे, मोठ्या पॅनेलला पुरत नाही; हातोड्याने फोडावा. तिच्या प्रश्नाचे उत्तर पुढीलप्रमाणे:

रंग बघू नकोस. मीटर किती व्होल्टचा आणि कुठल्या कॅटचा, म्हणजे विजेचा केवढा झटका सोसणारा, ते बघ. तुझं काम मोठ्या पॅनेलवर. तिथे कॅट थ्रीच्या खालचा मीटर उघडायचासुद्धा नाही, आणि जिथे बाहेरून वीज आत येते तिथे कॅट फोर. हे अक्षर कोणीही छापू शकतो, म्हणून बाहेरच्या प्रयोगशाळेचा शिक्का शोध. लीड्स, म्हणजे मीटरच्या टोचायच्या तारा, त्याही त्याच दर्जाच्या हव्यात. तुमच्या कॉम्प्रेसरना वेग बदलणारे ड्राइव्ह आहेत, त्यांनी विजेची लाट वेडीवाकडी होते, तिथे ट्रू आरएमएस नसलेला मीटर बिनदिक्कत खोटं बोलतो. बंद तारेत शेजारच्या तारेमुळे भुताटकीचं व्होल्टेज दिसतं, ते ओळखायला लो-झेडची सोय असलेला घे. करंट शक्यतो तारेला बाहेरून चिमटा लावणाऱ्या क्लॅम्पनेच मोज. आणि मीटर घेशील त्याच दिवशी त्याचे वाळू भरलेले दोन फ्यूज जादा घे. ते मिळत नसतील तर तो मीटर घेऊ नकोस, फुकट दिला तरी.

कलम ५. हे कलम लिहिता येत नव्हते म्हणून आधीची चार लिहिली.

भाऊ गेला त्या वर्षी खात्यासाठी मीटर निवडायचे काम माझ्याकडे होते. मी तीन आठवडे घासाघीस करून सगळ्यांत चांगला घेतला. वर जे लिहिले ते सगळे त्यात होते. मला त्याचा गर्व होता. पुढे त्याचा फ्यूज उडाला. स्टोअरकडे मागितला, उत्तर आले, उद्या. मशीन बंद पडून होते, वरून फोन येत होते. मी उडालेल्या फ्यूजवर तांब्याची तार गुंडाळली आणि झाकण लावले. आमच्यात हे सगळेच करत. तात्पुरते म्हणून केले आणि चार महिने तसेच ठेवले.

ज्याला या कामातले कळत नाही त्याच्यासाठी सांगतो. मीटरला व्होल्टेजचे भोक वेगळे, करंटचे वेगळे. लीड करंटच्या भोकात ठेवून व्होल्टेज मोजायला गेलात, की तुम्ही पॅनेलच्या दोन फेजमध्ये नुसती तार टेकवता. ही चूक उभ्या जगात सगळ्यांकडून कधी ना कधी होते, म्हणूनच आत फ्यूज असतो. चूक माणसाने करावी आणि फ्यूजने मरावे, अशी ती रचना आहे.

त्या सकाळी मी एका व्हॉल्व्हचा करंट मोजला आणि लाल लीड तशीच ठेवली. भावाने लगदा करणाऱ्या पल्परच्या पॅनेलपासून हाक मारली, "दादा, मीटर दे." मी दिला. त्याने माझ्या हातचा म्हणून न पाहता लावला. पॅनेलमधून ज्वाळ बाहेर आली.

मी त्याला गाडीत घातले आणि परत येऊन, कोणी पंचनामा करायच्या आत, जळलेल्या मीटरमधली तार काढून घेतली. हे मी घाबरून केले असे म्हणता आले असते, पण माझे हात कापत नव्हते.

चौकशीत लीड करंटच्या भोकात सापडली. अहवालात लिहिले, मृताचा निष्काळजीपणा. मी त्यावर साक्षीदार म्हणून सही केली.

तो अकरा दिवस जगला. नवव्या दिवशी म्हणाला, "दादा, लीड मीच बघायला हवी होती. तू जिवाला लावून घेऊ नकोस." मी त्याला म्हणालो, "असू दे." माझ्या तोंडून एवढेच निघाले. असू दे! जसे काही मीच त्याला माफ करत होतो.

पुढे गिरणीने नव्या भरतीचा सुरक्षेचा तास माझ्याकडे दिला. निवृत्तीनंतरची वर्षे धरून सोळा वर्षे मी फळ्यावर मीटर काढून सांगत आलो, "माझा सख्खा भाऊ. घाई केली. लीड पाहिली नाही." पोरे ऐकून घेत. सात वर्षांपूर्वी त्या पोरांत पुतणी शिकाऊ म्हणून बसली होती. तिने हात वर केला.

"काका, पण मग फ्यूज का नाही उडाला?"

सोळा वर्षांत हा प्रश्न कोणाला पडला नव्हता. मी म्हणालो, "कधी कधी नाही उडत." तिने ते वहीत लिहून घेतले. तिची आई मरेपर्यंत तिला बजावत राहिली, "बापासारखी धांदरट होऊ नकोस." तीन वर्षांपूर्वी ती माउली तेच मनात धरून गेली. तिच्यापाशी आता कुठल्या कागदाने पोचायचे?

पोरी, तुझा प्रश्न बरोबर होता. उत्तर खोटे होते. तुझा बाप धांदरट नव्हता. त्याचा माझ्यावर विश्वास होता.

कलम ६. ती तार बटणांच्या डबीत आहे. ती व या कलमांची प्रत गिरणीच्या व्यवस्थापकांना देऊन चौकशीचा अहवाल दुरुस्त करून घ्यावा. ते टाळाटाळ करतील. पुतणीने सोडू नये.

कलम ७. पुतणी रविवारी पुन्हा येणार आहे. मी तिला मीटर कुठला घ्यायचा ते सांगेन. बाकीचे सांगणार नाही. मी स्वतःला ओळखतो, खोकला येईल. माफी मागायची तर जिवंतपणी मागावी, एवढे मला कळते, आणि तेवढा दम माझ्यात नाही.

म्हणून अट एकच. मृत्युपत्र माणूस गेल्यावर सवडीने वाचतात. हे तसे वाचू नये. मला घराबाहेर काढण्याआधी, अंगणात माणसे जमली असताना, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावे. पाकिटावरही तसे लिहून ते शेजारच्या शिंप्यांकडे देत आहे. मला खांदा द्यायला ती पुढे येणार, हे मला ठाऊक आहे. तिने आधी ऐकावे. ऐकून ती उठून गेली, तर तिला कोणी हाक मारू नये, आणि तिची वाट पाहत मला ठेवूही नये.

सही: (वाचता येईल अशी केली आहे)

साक्षीदार: १. शेजारचे शिंपी. २. दवाखान्यातील परिचारिका.
दोघांनी सही होताना पाहिली. मजकूर वाचलेला नाही.

स्थळ: राहते घर, मागची खोली.
दिनांक: १४ नोव्हेंबर, गुरुवार.