मान धरणे

मृणालिनी विश्वास आठल्ये,

तुला पूर्ण नावाने हाक मारण्याचा हा पहिलाच प्रसंग. हयातभर मी तुला नुसते 'अगं' म्हणत आलो आणि तू मला 'अहो'. तुझ्या नावात माझे नाव मधोमध येते, मस्तक आणि धड यांच्यामध्ये मान असावी तसे, असे तू म्हणायचीस, आणि लगेच पुढे जोडायचीस, "तीही कधी न वळणारी!" फिजिओथेरपिस्टशी विवाह केल्यावर एवढे ऐकून घ्यावेच लागते. आज पूर्ण नाव लिहिले, कारण मला तुझ्याशी भांडायचे आहे, आणि भांडण रीतसर असावे असे माझे मत आहे.

भांडणाचा विषय तुला ठाऊक आहे. आयर्लंडमधल्या या वॉटरफोर्डच्या ज्या रुग्णालयात तू वर्षानुवर्षे इतरांच्या माना सरळ केल्यास, त्याच रुग्णालयात उशीला टेकून तू माझे भवितव्य परस्पर ठरवून टाकलेस. "मी गेल्यावर पुण्याला भावोजींकडे जा. तिथे निदान भाषा तरी तुमची आहे. लेकीकडे आइसलँडला जायचा विचारसुद्धा करू नका. अहो, तुमचे इंग्रजीच अजून पाठ्यपुस्तकातले, तिथे काय निभाव लागणार?" आजारी माणसाशी वाद घालू नये, हा संकेत मी पाळला. ते राहिलेले उत्तर आता देतो. मी पुण्याला जाणार नाही, लेकीकडेच जाणार आहे.

भाषेच्या बाबतीत तू मला कमी लेखावेस, याचे मला विशेष वाईट वाटते. आपण इथे नवे होतो तेव्हाची एक संध्याकाळ आठव. तू स्वयंपाकघरात येतेस, ओला कोटही न काढता सांगतेस, "आज एका पेशंटने माझ्या मानेची स्तुती केली!" पेशंट म्हणजे डोंगराकडचा एक म्हातारा शेतकरी. त्याची मान अवघडली होती आणि तू त्याला पंधरा दिवस ट्रॅक्टरवर बसायला बंदी केली होतीस. त्यावर तो म्हणाला, "यू हॅव सम नेक, मिसेस." मला शंका आली. दुसऱ्या दिवशी मी कार्यालयात विचारणा केली आणि घरी येऊन तुला सांगितले, की या देशात 'नेक असणे' म्हणजे आगाऊपणा असणे. तू कणीक मळता मळता हसत सुटलीस. "आपल्याकडे मान म्हणजे आदर, यांच्याकडे मान म्हणजे आगाऊपणा. मला दोन्ही चालेल!" त्या शब्दाचा खरा अर्थ घरात कोणी आणला, एवढेच मी नमूद करून ठेवतो.

पुढे लेकीने आइसलँडचा नवरा केला, रेक्याविकला घर मांडले आणि तिला दिवस गेले. त्याबरोबर तू ती भाषा शिकायला बसलीस, तीसुद्धा मानेपासून. "जे शरीर मला येते तिथूनच सुरुवात करणार," म्हणालीस. कपाटाला इथे प्रेस म्हणतात. त्या डाळ-तांदळाच्या प्रेसच्या दारावर आतून मानेचे इंग्रजी शब्द आणि त्यांच्यापुढे आइसलँडी शब्द चिकटले. डबा काढायला दार उघडले की ते समोर येत. नेक म्हणजे हाउल्स. थ्रोट म्हणजेही हाउल्सच. "अहो, यांना मान आणि गळा यांतला फरकच ठाऊक नाही! मग ही माणसे एकमेकांच्या गळ्यात पडतात तरी कशी?" मानगूट म्हणजे ह्नाक्की. कंठमणी म्हणजे बार्काकीली. हे नाव तुला कोकणातल्या एखाद्या पावसाळी भाजीसारखे वाटले. आणि अवघडलेली मान म्हणजे हाउल्सरीगुर. तो शब्द तू माझ्याकडे बोट दाखवून पाठ केलास.

नात तीन महिन्यांची झाली तेव्हा व्हिडिओ कॉलवर तू लेकीला विचारलेस, "काय गं, बाळाने मान धरली का?" आपली लेक इथेच वाढलेली, तिला मराठी समजते, पण उत्तर वॉटरफोर्डच्या इंग्रजीत येते. 'मान धरली' हे शब्द तिने आयुष्यभर एकाच संदर्भात ऐकलेले होते: हिवाळ्यातली सकाळ, आणि तू खालून ओरडतेस, "आज बाबांची मान धरलीय, कोणी त्यांना हाक मारून वळायला लावू नका." तिचा चेहरा उतरला. तिने नवऱ्याला काहीतरी घाईने सांगितले, त्याने बाळाला दुलईत गुंडाळले आणि दवाखान्यात निघायला कोट ओढला. तू पडद्यासमोर मराठीतून ओरडत होतीस, "अगं थांब! धरली म्हणजे सावरली! चांगली गोष्ट आहे गं!" त्या गोंधळात मला एक शब्द ओळखीचा ऐकू आला. मी तुझ्या खांद्यावरून पुढे झुकलो आणि जावयाला स्पष्ट आवाजात म्हणालो, "नेइ, नेइ. हाउल्सरीगुर नेइ." नेइ म्हणजे नाही, एवढे मला येत होते. तो एक बाही घातलेल्या अवस्थेत थांबला. लेक रडता रडता हसू लागली. "मम, हू यूजेस द सेम वर्ड फॉर बोथ?"

निभाव लागणार नाही म्हणालीस तेव्हा हा प्रसंग तू सोयीस्करपणे बाजूला ठेवलास. मी ठेवलेला नाही.

तुझा दीरही तुझ्याच बाजूचा आहे. दर आठवड्याला फोन करतो. "दादा, आता हट्ट पुरे. त्या बर्फात नातीशी काय बोलणार आहेस तू?" काय बोलणार, ते त्याला सांगून समजणार नाही, म्हणून तुला सांगतो. नात आता शाळेत जाते. रविवारी व्हिडिओ कॉलवर ती माझी उच्चारांची परीक्षा घेते. ह्नाक्की म्हणताना मी कोठेतरी श्वास गिळतो आणि ती फार गंभीरपणे म्हणते, "नेइ, आवी." आवी म्हणजे आजोबा. आजीला तिथे अम्मा म्हणतात, आणि तिची इकडची अम्मा म्हणजे एक फोटो. तुझे बोलणे तिला आठवणे शक्य नाही. लेक तिच्याशी मराठी बोलत नाही, बोलणारही नाही. तो तिचा प्रश्न. मग 'मान धरणे' हा शब्द तिला कोण देणार? तिनेही एकदा मान धरली होती आणि त्यावरून दोन देशांत धावपळ झाली होती, हे तिला तुझ्या आवाजात, तुझ्या 'अगं थांब'सकट कोण करून दाखवणार? मी पुण्याला गेलो तर तू त्या घरात भिंतीवरच राहशील. हे मला मान्य नाही. शब्द चुकले तर चुकतील. एक सहा वर्षांची मुलगी मला हसेल. तुझ्या हाताखाली बत्तीस वर्षे काढल्यावर त्याची भीती उरलेली नाही.

आज घर रिकामे झाले. घरमालकीण दारात उभी राहून म्हणाली, "टेक युअर टाइम, यूल बी ग्रँड," म्हणजे सगळे ठीक होईल, आणि गाडीत जाऊन बसली. हे पत्र मी कोणत्याही पेटीत टाकणार नाही. त्याला पत्ता नाही आणि मी असल्या बाबतींत भाबडा नाही. एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. सामान केव्हाच खाली गेले आहे. तरी मी अजून रिकाम्या स्वयंपाकघरात उभा राहून लिहितो आहे, कारण तू शेवटच्या क्षणी मला अडवशील आणि मला हे सर्व तुला तोंडावर सांगता येईल, असे वाटत राहिले. तू अडवले नाहीस.

एवढे खाली येऊन लिहितो: दाराला कुलूप लावले. किल्ल्या घरमालकिणीला परत केल्या.