पाच धातूंचा पंखा

७ जून, सकाळी
आजपासून आमच्या फाउंड्रीचं भवितव्य बदललं. काल वाशीला सेमिनारला गेलो होतो (जेवण होतं म्हणून नव्हे). तिथं एका प्रोफेसरांनी हाय एंट्रॉपी अलॉय समजावले. नेहमीच्या मिश्रधातूत एक राजा आणि बाकीचे नोकर. यात पाच धातू, सगळे साधारण सारखे. म्हणे झिजत नाही, गंजत नाही. विमानाच्या इंजिनासाठी प्रयोग चालू आहेत. मग आमच्या रबाळ्याच्या फाउंड्रीत का नको?
निश्चय: ब्राँझ बंद. रोज वीस पानं रिसर्च पेपर.

९ जून
वाचन: दीड पान. या लोकांचं इंग्रजी फार खराब.

१२ जून
करंजा बंदरातले युसुफभाई आले. त्यांच्या मच्छीमार बोटीचा पंखा (प्रोपेलर) खाऱ्या पाण्यानं खाल्लाय. पावसाळी मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते, १ ऑगस्टला बोट निघायलाच हवी. नेहमीसारखा ब्राँझचा पंखा मागत होते. म्हटलं, असा पंखा देतो की तुमचा नातूही तोच वापरेल. म्हणाले, "नातवाचं नंतर बघू, शेठ. एक तारखेचं बोला."
दूरदृष्टी नाही.

१८ जून
पाच धातूंपैकी कोबाल्ट मिळालं नाही. त्याऐवजी ॲल्युमिनियम. पाचाचे पाच झाल्याशी मतलब.
देवजी एकतीस वर्षं भट्टीवर आहे, दिघ्याला राहतो. म्हणाला, "साहेब, भट्टी उघडी हाय. क्रोम जळून मळी होनार." झाकण ठेवू म्हटलं. झाकण शोधायला गेला. पटलं असणार.

२ जुलै
पहिला ओत! हार्डनेस टेस्टरचा काटा शेवटाला टेकला. पेढे वाटले. देवजीनं पेढा घेतला आणि म्हणाला, "कडक हाय. पन काच पन कडक असते."
शिक्षणाचा अभाव.

५ जुलै
लेथवर तीन टूल तुटले. हल्ली टूल हलके येतात.

११ जुलै
नमुना हातातून पडला. चार तुकडे. फॅक्टरीची फरशी बदलायला हवी.
नमिताला जेवताना सहज सांगितलं. ती म्हणाली, युसुफभाईंना आत्ताच फोन करा, अहो, माणसं बसतात त्या बोटीत. अर्धवट निष्कर्ष सांगणं शास्त्रीय नाही, हे बायकोला कसं समजवावं?

२७ जुलै
पंखा बसवला. फोटो काढले. युसुफभाई फोटोत हसत नाहीत.

२९ जुलै
ट्रायल. जेट्टीपासून थोडं पुढे जाताच दोन पाती तुटून खाडीत गेली. बोट ओहोटीबरोबर समुद्राकडे निघाली. आत युसुफभाई आणि दोन खलाशी. दुसऱ्या बोटीनं दोर टाकून ओढून आणली. युसुफभाई उतरून दोन्ही खलाशांना घेऊन निघून गेले.
तीनपैकी एक पातं शाबूत. तेहतीस टक्के यश.

३० जुलै
ताप. थर्मामीटर बिघडलंय, नॉर्मलच दाखवतं. घरीच.

७ ऑगस्ट
कामावर गेलो. अकराच्या सुमारास युसुफभाई बर्फाच्या पेटीत पापलेटं घेऊन आले. माफी मागायची, की नव्या डिझाइनचं सांगायचं, हे ठरेपर्यंत त्यांनी विचारलं, "देवजीमामा कुठाय?"
मग कळलं, मी घरी होतो तेव्हा देवजीनं ब्राँझचा पंखा ओतला, ३१ला स्वतः करंज्याला जाऊन बसवला. एक तारखेला बोट सगळ्यांबरोबर सुटली.
मला का नाही सांगितलं, देवजीला विचारलं. म्हणाला, "तुमी आजारी व्हता."
हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.
संध्याकाळी त्यानं त्याला मिळालेल्यांतली अर्धी पापलेटं माझ्या गाडीत ठेवली. नमितानं विचारलं, युसुफभाईंनी दिली का तुम्हाला?
हो म्हणालो.