वाडीचं वेगळं तोरण

दादा, परवा गावच्या ग्रामसभेत मी तुमच्या विरुद्ध बोलले. तुम्ही असता तर सभा सुरू व्हायच्या आधीच मला घरी जायला सांगितलं असतं, आणि मी गेले नसते. ओढ्यापलीकडच्या वाडीला आपली वेगळी ग्रामपंचायत हवी आहे. तुमच्या खुर्चीवर आता माझा धाकटा भाऊ सरपंच म्हणून बसतो आणि तुमचीच वाक्यं तुमच्याच आवाजात म्हणतो: गाव एक आहे, एकच राहणार. वाडीची माणसं जालन्याला माझ्या घरी आली. म्हणाली, "अक्का, तुम्ही कॉलेजात देशादेशांचा कायदा शिकवता. आमच्याकडून चार शब्द बोला." मी हो म्हणून बसले. या एका होकारापायी माहेर तुटेल, हे ती माणसं गेल्यावर लक्षात आलं. तरी होकार मागे घ्यावा असं काही वाटलं नाही.

माझा विषय तुम्हाला कधी पटला नाही. "जालन्याच्या कोर्टात अमेरिका येनार हाय का?" असं विचारायचात. माझे विद्यार्थीही वेगळ्या शब्दांत हेच विचारतात. तेव्हा मी त्यांना एका गावच्या पोळ्याची गोष्ट सांगते, गावाचं नाव न घेता. त्या गावात वेशीला तोरण बांधतात. मानाचे बैल त्याखालून आधी जातात, मग बाकीच्यांचे, आणि वाडीचे सगळ्यांत शेवटी. तोवर दिवेलागण झालेली असते, ओवाळायची ताटं घराघरांत परत गेलेली असतात. एका वर्षी वाडीनं ओढ्याच्या आपल्या बाजूला दोन कडुलिंबांच्या मध्ये स्वतःचं तोरण बांधलं. नुसती आंब्याची पानं आणि दोरी. गावाला शिवी नाही, कुणाची वाट अडवली नाही.

तो दिवस मला आजही दिसतो. आई चुलीपुढे पुरणपोळ्या लाटते आहे. मी पाटावर जेवायला बसलेली. तुम्ही आत येता, काठी कोपऱ्यात टेकवता आणि म्हणता, "तोडून आलो." वाडीतला एक तरुण गडी तोरणापुढे हात आडवा धरून उभा राहिला होता. तुमच्या काठीनं त्याचं मनगट मोडलं, हे तुम्हीच आईला सांगितलंत, आवाज जराही न चढवता. "वेशीवर चालून आल्ते ते आपल्या. आपण निस्ता आपला बचाव केला." मी विचारलं, "दादा, ते आपल्याकडं आल्ते, का तुम्ही त्यांच्याकडं गेल्ता?" आईचं लाटणं थांबलं. तुम्ही माझ्याकडे न पाहता म्हणालात, "लई वकिली करू नगं. गप जेव." आणि पुढे बारावी झाल्यावर भाऊबंदांचा विरोध मोडून तुम्हीच मला कायद्याला घातलंत. पहिला काळा कोट जालन्याच्या शिंप्याकडून शिवून आणलात, बाह्या बोटभर लांब. त्या कोटावर माझा फार जीव होता. तुमच्यावरही.

तर आता ऐका. बचावाचा हक्क प्रत्येक देशाला आहे, तो कुणी काढून घेत नाही. पण आधी आपल्यावर हल्ला व्हावा लागतो, हत्यारानिशी. मानाला धक्का लागला म्हणजे हल्ला झाला असं होत नाही. झालाच हल्ला, तरी तो थोपवायला लागेल तेवढाच मार द्यायचा, आणि मग ताबडतोब सुरक्षा परिषदेला कळवायचं. तुम्ही तर पोलीस पाटलालाही कळवलं नाहीत! स्वयंनिर्णयाचं मात्र इतकं सरळ नाही, तिथे मी तुमची बाजूही मांडते. आपलं भवितव्य आपण ठरवायचा हक्क लोकांना आहे, पण उठावं आणि वेगळं व्हावं, असं कायदा म्हणत नाही. आखलेली हद्द मोडायला तो नाखूशच असतो, अगदी तुमच्यासारखा. फक्त तो विचारतो, या हद्दीतली सगळी माणसं तुम्ही आपली मानलीत का? कारभारात त्यांचा आवाज होता का? तिथे तुमची बाजू लंगडी पडते, दादा.

हे सगळं मी सभेत गावच्या भाषेत सांगितलं. आधी भाऊ म्हणाला, "अक्का, तू या गावची मतदार न्हाईस." मी म्हटलं, "हात वर करत नाही, तोंड उघडते." लोक हसले, त्यालाही हसू आवरेना. मग मी वाडीच्या मुलींचं सांगितलं. ओढ्याला पाणी आलं की त्यांची शाळा बुडते, आणि ओढ्यावर पूल बांधायचा विषय दर सभेत पुढच्या सभेवर जातो. घरात वाटा मिळाला असता तर वेगळी चूल कुणी मागितली असती? आपल्या आळीतल्या तरुण पोरांचेही हात वर गेले. भावानं ते नीट मोजले आणि ग्रामसेवकाला म्हणाला, "ठराव मंजूर. लिहा." मला त्याचा अभिमान वाटला. बाहेर आल्यावर म्हणाला, "घरी चल, जेवून जा. पण आज मी तुझ्याशी बोलनार न्हाई." बोलला नाही. भाकरी मात्र दोनदा वाढायला लावली.

आता राहिलेलं सांगते. तोरणाची गोष्टही मी त्या सभेत सांगितली. मी म्हणाले, "गावातल्या काही माणसांनी ते तोडलं, त्यात एकाचं मनगट मोडलं." असं वाक्य विद्यार्थ्यानं लिहिलं तर मी गुण कापते. कृत्य कुणाचं ते आधी सांगा, म्हणते. 'काहींनी केलं' हे कायद्यात चालत नाही. तो मनगटवाला समोरच सतरंजीवर बसला होता, आता म्हातारा, हात तसाच वाकडा. सभा उठल्यावर माझ्याजवळ आला. "बराबर बोललात, अक्का. नाव घेतलं न्हाई तेबी बिलकुल बराबर केलं. बाप हाय शेवटी." त्यानं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी गाडीत येऊन रडले.

हे पत्र मी पाठवत नाही, आणि ते केवळ तुमचा पत्ता नाही म्हणून नव्हे. काठी तुमची होती, हे तुम्हाला लिहिताना मला काहीच जड गेलं नाही. ते ऐकायचा हक्क त्या मनगटवाल्याचा होता, आणि त्याच्यासमोर माझी जीभ रेटली नाही.